सिनेमा शिडीपासून सुरू व्हावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर जवळ आला की आपल्या दैनिकात इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, बातम्या येऊ लागतात. 2004 साली हा महोत्सव पणजीत आला, तेव्हापासून गोव्याच्या खेडोपाडी सिनेमा काढू पाहणारी मुले दिसू लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो. असाच एक मुलगा गेल्या महिन्यात माझ्याकडे आला. तो आमच्याच वाड्यावरचा. एका खऱ्या खाण दुर्घटनेवर त्याला चित्रपट करायचा आहे: खाली अडकलेली माणसे, वर चाललेली धावपळ, संपत आलेले अन्न आणि शेवटी सुटका. मी डिचोली तालुक्यातील खाणींवर 28 वर्षे सर्व्हेयर म्हणून काम केले, म्हणून त्याला माझ्याकडून नकाशे कसे असतात, पाळी कशी बदलते, कोणत्या यंत्राला काय म्हणतात हे हवे होते. ते मी त्याला सांगितले. पण खरे सांगायचे होते ते त्या दुपारी नीट जुळले नाही, आणि ते त्याच्या एकट्यापुरतेही नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

त्याने आपल्या पटकथेचे पहिले पान वाचून दाखवले. पहिल्याच ओळीत डोंगर हादरतो, धूळ उठते आणि दिवे जातात. माझा आक्षेप याच ओळीला आहे. खाणीतील अपघात ज्या दिवशी घडतो त्या दिवशी सुरू होत नाही. आम्ही सर्व्हेयर मंडळी नकाशे काढत असू, त्यामुळे आम्हाला हे थोडे लवकर कळते: अमुक रेषेपुढे खोदू नये असे ठरलेले असताना ती रेषा ओलांडली जाते, पंप नादुरुस्त असल्याची नोंद वहीत होते आणि वही बंद होते, डंपच्या, म्हणजे खणून टाकलेल्या मातीच्या ढिगाऱ्याच्या, पायथ्याशी झरा फुटल्याचे कोणीतरी सांगते आणि पावसाळा संपल्यावर बघू असे उत्तर मिळते. दुर्घटना आधी कागदावर घडते. सिनेमा जर डोंगर हादरण्यापासून सुरू झाला, तर सगळा दोष डोंगराच्या माथी बसतो आणि प्रेक्षक दोन तासांनी डोळे पुसत, निसर्ग किती क्रूर आणि माणूस किती चिवट असे म्हणत घरी जातो.

जगभर ज्या घटनेचे नाव सर्वांना ठाऊक आहे ती चिलीची. 5 ऑगस्ट 2010 रोजी अटाकामाच्या वाळवंटात कोपियापो शहराजवळील सान होसे या तांब्या-सोन्याच्या खाणीत 33 कामगार जमिनीखाली सुमारे 700 मीटरवर अडकले. ते 69 दिवस खाली होते. पहिले 17 दिवस ते जिवंत आहेत की नाहीत हेच कोणाला माहीत नव्हते. खाणीतल्या निवाऱ्यात दोन-तीन दिवस पुरेल एवढेच अन्न होते, आणि ते त्यांनी इतके जपून वापरले की दर 48 तासांनी एकेका माणसाच्या वाट्याला दोन चमचे ट्यूना मासा, अर्धा पेला दूध आणि एक बिस्किट येत असे. 22 ऑगस्टला वरून आलेले छिद्र त्यांच्यापर्यंत पोहोचले तेव्हा त्यांनी छिद्र पाडणाऱ्या दांड्याला चिठ्ठी बांधून पाठवली, तीत लाल अक्षरांत लिहिले होते की आम्ही 33 जण निवाऱ्यात ठीक आहोत. पुढे एक माणूस उभा मावेल अशा 54 सेंटीमीटर व्यासाच्या कुपीतून 13 ऑक्टोबरला एकेक करून सगळे वर आले आणि पाळीचा प्रमुख लुईस उर्सुआ सर्वांत शेवटी आला. सिनेमासाठी याहून अधिक काय हवे, असे कोणालाही वाटेल.

मात्र या कथेत एक शिडी आहे, आणि माझे सारे म्हणणे त्या शिडीपाशी येऊन थांबते. वाट बंद झाल्यावर त्या कामगारांनी हवेच्या उभ्या बोगद्यातून वर चढून सुटण्याचा प्रयत्न केला. नियमाप्रमाणे त्या बोगद्यात वरपर्यंत शिडी असायला हवी होती. ती नव्हती. दोन दिवसांनी खाण पुन्हा कोसळली आणि तोही मार्ग बुजला. 69 दिवसांचा तो सारा पराक्रम, ती कुपी, ती प्रार्थना, ते पत्रकारांचे तंबू, हे सगळे न बसवलेल्या शिडीच्या जागी उभे राहिलेले आहे. त्याही मागे जावे लागते. 2007 साली या खाणीत एका माणसाचा मृत्यू झाल्यावर ती बंद करण्यात आली होती आणि 2008 साली सुरक्षेच्या सर्व अटी पुऱ्या झालेल्या नसताना ती पुन्हा सुरू झाली. मोठ्या दुर्घटनेच्या महिनाभर आधी दगड कोसळून एका कामगाराने पाय गमावला होता. म्हणजे त्या डोंगराने तीन वर्षांत दोनदा सांगून पाहिले होते. ज्याला या घटनेवर सिनेमा काढायचा आहे त्याने पहिला अर्धा तास इथे घालवला पाहिजे, असे मी त्या मुलाला म्हटले. तो म्हणाला, काका, प्रेक्षक एवढा वेळ थांबणार नाहीत. मला ते पटले नाही. आपल्याकडे जत्रेतले नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते, आणि कीचकाचे काय होणार हे पहिल्या अंकापासून ठाऊक असूनही माणसे उठत नाहीत. उलट जे व्हायचे ते ठाऊक असल्यामुळेच आधीच्या प्रत्येक वाक्यावर त्यांचा श्वास अडकतो. हिशेबाच्या वहीत शिडीच्या खर्चावर काट मारणारा हात पडद्यावर दिसला, तर पुढचे 69 दिवस प्रेक्षक तो हात विसरू शकणार नाही.

चिलीच्या या घटनेवर 2015 साली मोठा चित्रपट निघाला. त्यातील चिलीचे खाणकामगार इंग्रजी बोलतात. चित्रपट जगभर विकायचा असतो हे मी समजतो, तरीही मला ते खटकले, कारण अंधारात माणूस ओळखला जातो तो आवाजावरून आणि बोलीवरून. आमच्या खाणींवर टिपर चालवणारा कर्नाटकातला, मशीनवरचा झारखंडचा, मुकादम सत्तरी तालुक्यातला आणि कार्यालयातला बाबू पणजीचा असे, आणि कोणाचा आवाज कुठून आला यावरून धूळ असतानाही कोण कुठे उभा आहे ते कळत असे. गोव्यात या विषयावर चित्रपट झालाच, तर कोकणी, मराठी, कन्नड आणि हिंदी यांची ती खिचडी जशीच्या तशी ऐकू यावी. सगळ्यांना एकाच शुद्ध भाषेत बोलायला लावले की खाण पडद्यावरून निघून जाते.

चिलीच्या त्या 33 जणांनी आपली कथा एकट्याने कोणी विकायची नाही, सर्वांनी मिळून सांगायची असे ठरवले होते. हा करार मला त्यांच्या अन्नवाटपाइतकाच मोठा वाटतो. आणि तरीही वर आल्यावर त्यांच्यापैकी अनेकांना झोप लागेना, अंधाराची भीती गेली नाही, काहींना काम मिळेना. 2013 साली सरकारी वकिलांनी कोणावरही आरोप न ठेवता तपास बंद केला. कुपीतून शेवटचा माणूस बाहेर आला की पडद्यावर संगीत वाढते आणि नावे सुरू होतात, तिथून पुढची ही तीन वर्षे कोण दाखवणार?

आपल्या देशाकडे वळतो. 27 डिसेंबर 1975 रोजी धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीत जुन्या, सोडून दिलेल्या भागात साठलेले पाणी फुटून आत शिरले आणि 375 माणसे गेली. कोळसा खाणींसाठीच्या 1957 च्या विनियमांत पाणी साठलेल्या जुन्या भागापासून 60 मीटरच्या आत परवानगीशिवाय काम करू नये असे लिहिलेले होते. सर्व्हेयरचे निम्मे आयुष्य अशा अंतरांच्या पहाऱ्यात जाते. चासनालाच्या घटनेवरून प्रेरणा घेऊन 1979 साली 'काला पत्थर' आला. त्यात गाणी आहेत, मारामाऱ्या आहेत, तीन नायक आहेत, आणि वास्तवाच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांना तो आज भडक वाटतो. पण त्या चित्रपटात पाण्याचा धोका आहे हे इंजिनिअर आधी सांगतो आणि मालक ते धुडकावतो, हे मी विसरू शकत नाही. पाणी येण्याचे कारण त्या पटकथेने पाणी येण्याच्या आधी ठेवले. अलीकडच्या काटेकोर, तांत्रिक, दर दृश्यावर तारीख-वेळ छापणाऱ्या चित्रपटांपेक्षा त्या जुन्या चित्रपटाची समज या एका बाबतीत मला अधिक खरी वाटते.

13 नोव्हेंबर 1989 च्या रात्री पश्चिम बंगालमधील रानीगंजच्या महाबीर खाणीत पाणी शिरले. बरेच कामगार लिफ्टने वर आले, 71 खाली राहिले. जसवंतसिंग गिल या खाण अभियंत्याने वरून मोठे छिद्र पाडून घेतले, तिथेच बनवून घेतलेल्या लोखंडी कुपीतून तो स्वतः खाली उतरला आणि 65 जणांना 16 नोव्हेंबरला बाहेर काढले. 1991 साली त्याला सर्वोत्तम जीवन रक्षा पदक मिळाले, आणि 2023 साली त्याच्यावर हिंदी चित्रपटही आला. खाणीत काम केलेल्या कोणालाही गिल यांच्याविषयी आदरच वाटेल. अनोळखी छिद्रातून खाली जाणे म्हणजे काय हे आम्हाला कळते. पण त्या मुलाला मी विचारले, किती वाचले? तो पटकन 65 म्हणाला. किती गेले, असे विचारल्यावर त्याला फोन काढून बघावे लागले. सहा. सुटकेच्या चित्रपटाची ही अडचणच आहे, की वाचलेल्यांची संख्या पाठ होते आणि उरलेली वजाबाकी कोणी करत नाही.

आता ज्या घटनेवर सिनेमा करावा असे मला वाटते तिच्याकडे येतो. ती जर्मनीतील लेंगेडे गावची. इथे कोळसा नव्हता. लोहखनिज होते, आपल्यासारखेच. खनिज धुतलेले गढूळ पाणी साठवण्यासाठी खाणीच्या वर तळे केलेले होते, ज्याला आमच्याकडे सगळे टेलिंग पाँड म्हणतात. 24 ऑक्टोबर 1963 रोजी त्या तळ्याचा तळ फुटून सुमारे पाच लाख घनमीटर पाणी आणि चिखल खाली खाणीत उतरला. आत 129 माणसे होती. बहुतेक वर आली, काहींना पुढील दिवसांत काढण्यात आले, आणि उरलेल्यांची आशा सोडून श्रद्धांजली सभेची तयारी सुरू झाली. खाणीतल्या अनुभवी माणसांनी मात्र जुन्या, सोडून दिलेल्या भागात एकदा छिद्र पाडून पाहा असा आग्रह धरला. तिथे 11 जण जिवंत सापडले आणि 7 नोव्हेंबरला, चौदा दिवसांनी, ते वर आले. एकूण 29 जण गेले. ज्या भागाला खाणीच्या नकाशावर आता काही नाही असे समजले जाते, तो भाग नेमका कसा आहे हे तिथे घाम गाळलेल्या कामगाराला ठाऊक होते, ही गोष्ट मला कोणत्याही कुपीपेक्षा मोठी वाटते. तिच्यात सुटका आहे, थरारही आहे, आणि वरच्या तळ्याकडे बोट दाखवल्याशिवाय ती सांगताच येत नाही.

काही घटनांत तर सुटकेची गोष्टच नसते. 21 ऑक्टोबर 1966 रोजी वेल्समधील आबरवान गावात कोळसा खाणीच्या मातीचा ढिगारा घसरून शाळेवर आला. 144 जण गेले, त्यांत 116 मुले होती. तो ढिगारा झऱ्यावर रचलेला होता आणि तो झरा नकाशावर दाखवलेला होता. हे वाक्य लिहिताना आजही माझा हात थांबतो. 25 जानेवारी 2019 रोजी ब्राझीलमधील ब्रुमाजिन्योच्या लोहखनिज खाणीचा चिखलाचा बांध दुपारच्या जेवणाच्या वेळी फुटला. कामगारांची खानावळ त्याच बांधाच्या खाली होती, आणि 270 माणसे गेली.

गोव्यातल्या वाचकांना मी हे का सांगतो आहे? आपल्या खाणी उघड्या आहेत, बोगद्यांच्या नाहीत, म्हणून अशा चित्रपटांकडे आपण परक्याचे दुःख म्हणून पाहतो. पण एक टन खनिज काढायला इथे अडीच ते तीन टन माती बाजूला टाकावी लागते, आणि ती माती डिचोली, सत्तरी, सांगेच्या कुशीत डंप होऊन उभी आहे. खनिज धुण्याचे तलाव आपल्याकडेही आहेत. पिट, म्हणजे खाणीचे खोदलेले खड्डे, जमिनीतल्या पाण्याच्या पातळीखाली गेलेले आहेत आणि पंप थांबला की ते भरतात. 2012 साली खाणी बंद पडल्या, नंतर सुरू झाल्या, आणि 7 फेब्रुवारी 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने 88 लीजचे, म्हणजे खाणपट्ट्यांचे, नूतनीकरण रद्द झाल्यावर मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. लिलावानंतर 2024 पासून डिचोलीत पुन्हा काम सुरू झाले. या सगळ्या वर्षांत आपण बोललो ते टनांविषयी, ट्रकांच्या हप्त्यांविषयी, बार्जविषयी आणि महसुलाविषयी. हे बोलणे रास्त होते, अनेकांच्या चुली त्यावर अवलंबून होत्या, माझीही होती. डंपखाली गेलेल्या माणसांविषयी मात्र माझ्या माहितीत आपल्याकडे ना नाटक आहे, ना चित्रपट.

मी स्वतः पाहिलेली एक घटना सांगतो. खाणीचे आणि माणसांचे नाव मी लिहीत नाही. जुलैचा महिना होता, चार दिवस पाऊस थांबला नव्हता, आणि डंपची एक बाजू रात्रपाळीत खाली आली. एक ऑपरेटर पोकलेनच्या केबिनमध्ये गाडला गेला आणि दुसरा माणूस, जो पंपाचा पाईप हलवायला खाली गेला होता, तो उघड्यावर सापडला. यंत्र लावले तर माती आणखी घसरेल म्हणून आम्ही घमेली आणि फावडी घेऊन हातांनी माती काढली. केबिनमधला माणूस पहाटे जिवंत निघाला. काच फुटली नव्हती, थोडी हवा उरली होती. बाहेर येताच त्याने चहा मागितला. हा चहा मागण्याचा किस्सा आमच्या भागात आजही लग्नाच्या पंगतीत सांगितला जातो, आणि मीही तो अनेकदा सांगितला आहे. पाईप हलवणारा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला. त्याचा किस्सा नाही. त्या डंपच्या उताराची मापे मी मे महिन्यात घेतली होती, उतार ठरल्यापेक्षा उभा झाल्याचे लिहून दिले होते, आणि त्यानंतर पुन्हा विचारायला मी गेलो नाही. माझा कागद फाईलमध्ये गेला आणि माझे काम झाले असे मी मानले. त्या मुलाच्या पटकथेत सर्व्हेयरचे पात्र असेल, तर त्याने ते असे लिहावे.

कारागिरीच्या दोन गोष्टी, ज्या त्याने विचारल्या होत्या. जमिनीखालचा अंधार रात्रीसारखा निळसर नसतो. डोक्यावरचा दिवा वळेल तेवढेच जग असते आणि बाकी काही नसते, म्हणून पडद्याचा बराच भाग काळा ठेवण्याचे धाडस करावे लागेल आणि कथा कानांवर सोपवावी लागेल: पाण्याचा थेंब, लाकडाची कुरकूर, कोणाचा तरी खोकला. चौदा किंवा सतरा दिवस काहीच न घडण्याचे असतात, ते गाण्यात गुंडाळून पुढे ढकलू नयेत. दुसरे असे की चित्रीकरणासाठी बंद पडलेल्या पिटमध्ये जाण्याचा विचार त्याने सोडून द्यावा. हिरव्या पाण्याचा तो पिट कॅमेऱ्यात फार सुंदर दिसतो हे खरे, पण देखभाल नसलेले बेंच, म्हणजे कडेला कापलेले पायऱ्यांसारखे टप्पे, पावसाने पोखरलेले असतात आणि काठावर उभे राहिले की ते दिसत नाही. पाण्याने भरलेल्या चिरेखाणींत दर पावसाळ्यात आपली मुले बुडतात. खाण दुर्घटनेवरच्या चित्रपटासाठी आणखी एक अपघात व्हायला नको.

ज्यांची गोष्ट आहे त्यांना आधी विचारावे, हे मी त्याला सर्वांत आग्रहाने सांगितले. वाचलेल्यांना विचारणे सोपे असते, ते भेटतात, बोलतात. गेलेल्यांच्या घरी जाणे अवघड असते. पाईप हलवणाऱ्या त्या माणसाची पत्नी आजही आमच्याच पंचायतीत राहते. गेल्या रविवारी मी तिच्याकडे गेलो, इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच या विषयावर बोललो आणि त्या मुलाबद्दल सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, करू दे त्याला, माझी ना नाही. पैशांचे तिने काही विचारले नाही, नाव बदलण्याविषयीही नाही. तिची अट एकच आहे. त्या दिवशी तिच्या नवऱ्याने अंगात ताप होता म्हणून रजा मागितली होती आणि ती मिळाली नव्हती. सिनेमा काढायचा तर तो तिथून काढावा, असे तिने मला सांगितले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त खाण सर्व्हेयर,
डिचोली, गोवा